कोकणात नाही ते कच्छात कसं? डायनासोरच्या काळात आपला पश्चिम किनारा होता कुठे?

दर्यावर्दी (धागालेखक)

नमस्कार मंडळी. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा मी बराच पायाखाली घातला आहे. कातळ, जांभा, वाळू, शंखशिंपले सगळं पाहिलं, पण दगडात रुतलेला जुना समुद्री प्राणी कधी दिसला नाही. या हिवाळ्यात कच्छला गेलो. तिथे भूजच्या आसपास, आजच्या समुद्रापासून चांगलं आत, वेड्या बाभळीच्या रानात टेकडीच्या उतारावर वीतभर रुंदीचे अमोनाइट, म्हणजे केव्हाच नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांची दगड झालेली कवचं, उघड्यावर पडलेले! चक्राकार, कंगोरे स्पष्ट, जागोजाग कप्प्यांच्या रेषासुद्धा दिसतात. सोबतच्या स्थानिक माणसाने सांगितलं की हे डायनासोरच्या वेळचे.

प्रश्न असा की समुद्राला खेटून असलेल्या कोकणात हे का नाही? डायनासोरच्या काळात आपला किनारा होता कुठे? आणि दुसरं, एक अमोनाइट घरी आणायचा फार मोह झाला होता, पण तिथेच ठेवला. जाणकारांचं यावर काय मत?

वेंगुर्लेकर

परशुरामाने समुद्र मागे रेटला तेव्हा सगळे अमोनाइट पाण्याबरोबर गुजरातेत गेले असणार :) विनोद बाजूला ठेवतो, प्रश्न मस्त आहे. वाचतोय.

रानवाटा

मीपण वाचतेय. फोटो टाका हो दर्यावर्दी.

खडकवेडी

भूशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाहीये. थोडं सविस्तर लिहिते.

डायनासोर होते त्या जवळजवळ सगळ्या काळात कोकणचा किनारा नव्हताच. आज जिथे रत्नागिरीसमोर पाणी दिसतं तिथे तेव्हा जमीन होती. भारत, मादागास्कर, सेशेल्स, आफ्रिका, अंटार्क्टिका हे सगळे तुकडे गोंडवन नावाच्या एका मोठ्या खंडात जोडलेले होते. जुरासिक काळात (सुमारे २० कोटी ते साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी) या खंडाला भेगा पडायला लागल्या. त्यातली एक मोठी भेग आफ्रिका एका बाजूला आणि मादागास्कर-भारत दुसऱ्या बाजूला अशी पडली. तिच्या टोकाशी जमीन खचली आणि समुद्र आत शिरला. तो शिरला ती जागा म्हणजे कच्छ. तेव्हा तिथे उथळ आखात होतं. कोकण मात्र अजून मादागास्करला चिकटलेलं होतं, खंडाच्या पोटात.

मादागास्कर भारतापासून सुटला तो सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी. उडुपीजवळच्या सेंट मेरीज बेटांवर जे षटकोनी दगडी खांब दिसतात ते त्या फाटाफुटीच्या वेळच्या ज्वालामुखीचे. सेशेल्स सुटलं त्याहून खूप उशिरा, दख्खनचा लाव्हा वाहून गेल्यावर, म्हणजे डायनासोर संपल्यानंतर. कोकणाला खरा समुद्र मिळाला तो तेव्हा. म्हणून कोकणात अमोनाइट सापडायचा प्रश्नच येत नाही. अमोनाइट डायनासोरांबरोबरच ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले, आणि कोकणचा किनारा त्यांनी पाहिलाच नाही.

दर्यावर्दी

बाप रे! म्हणजे मी इतकी वर्षं ज्या किनाऱ्यावर शोधतोय तो किनारा अमोनाइटांपेक्षा तरुण आहे! हे कुठल्याच पुस्तकात इतक्या सरळ वाचलं नव्हतं.

खडकनाद

खडकवेडी ताई, एक शंका. कोकणात वर दिसतो तो सगळा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा. त्याच्या खाली काय आहे ते कुणी पाहिलंय? लाव्हाखाली जुरासिक किंवा त्यानंतरच्या क्रिटेशियस काळाचा गाळ दडलेला असेल तर? सौराष्ट्रात आणि नर्मदा-तापीच्या पट्ट्यात ट्रॅपखाली, म्हणजे या लाव्हाच्या थरांखाली, गाळाचे खडक असल्याचं भूभौतिक सर्वेक्षणांत दिसलंय ना? मग कोकणात नाहीच असं इतक्या ठामपणे कसं म्हणायचं?

खडकवेडी

शंका रास्त आहे. सौराष्ट्राबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण कोयनेचं पाहा. तिथे भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल विंधनविवरं घेतली. बेसॉल्टचे थर सुमारे ९३० मीटर जाड निघाले आणि त्यांच्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस. मधे गाळाचा एकही थर नाही. म्हणजे लाव्हा आला तेव्हा तिथे उघडा, झिजलेला प्राचीन कातळ होता, समुद्र नव्हता. दक्षिणेकडे सिंधुदुर्गात तर बेसॉल्टचं पांघरूण संपतं आणि खालचे अतिप्राचीन खडक उघडे पडतात. तिथेही मधल्या काळाचा समुद्री गाळ नाही.

खडकनाद

कोयना घाटमाथ्याला आहे, किनाऱ्याला नाही. उत्तर कोकणाबद्दल मी अजून मन मोकळं ठेवतो :)

तेलविहीर

इथे मला बोलायलाच हवं. नोकरीत बरीच वर्षं समुद्रातल्या फलाटांवर होतो. मुंबई हाय १९७४ साली सापडलं. तिथलं तेल मुख्यत्वे मायोसीन काळातल्या चुनखडीत आहे, आणि ती चुनखडी समुद्री जीवांच्या कवचांनी भरलेली असते. गाभ्याचे नमुने वर आले की भिंगाखाली फोरामिनिफेरांची, म्हणजे एकपेशीय समुद्री जीवांची, कवचं दिसतात, एकाहून एक देखणी. पण ती फार तर दोन-अडीच कोटी वर्षांची. त्या गाळाखाली खोल गेलं की दख्खन ट्रॅप लागतो किंवा त्याहून जुना कठीण खडक लागतो.

म्हणजे कोकणच्या समुद्राचे जीवाश्म आहेत, भरपूर आहेत, पण ते किनाऱ्यावर नसून समुद्राच्या तळाखाली आहेत आणि सगळे डायनासोर गेल्यानंतरचे. खडकवेडी यांचं म्हणणं आमच्या विहिरींनी खरं करून दाखवलंय असं मी म्हणेन.

रानवाटा

@तेलविहीर, हा धागा तुमच्या एका प्रतिसादासाठीसुद्धा वाचनखुणांत ठेवला असता!

भुजवासी

मी मूळचा सांगलीचा, नोकरीमुळे भूजमध्ये स्थिरावलो. दर्यावर्दी तुम्ही पाहिलंत ते बहुधा ढोसा ऊलाइटच्या थरातलं असणार. भूजपासून जवळ ढोसा नावाचं गाव आहे, त्यावरून नाव. तो थर साधारण १६ कोटी वर्षांपूर्वीचा, जाडी फार नाही, पण त्यात अमोनाइट खच्चून भरलेत. हिरवट-तपकिरी चुनखडी, आणि जवळून पाहिलं तर बारीक गोल दाण्यांची, गाबोळीसारखी. अशा दाण्यांच्या खडकाला ऊलाइट म्हणतात. समुद्राच्या तळाशी एखाद्या कणाभोवती खनिजाची एकावर एक पुटं चढत गेली की असे दाणे होतात. झुरा आणि कीरा इथल्या डोंगरांत याच्याहून जुना एक ऊलाइट आहे, त्यातल्या दाण्यांवर लोहाचं पूट असल्यामुळे तो उन्हात सोन्यासारखा चमकतो. त्याला गोल्डन ऊलाइटच म्हणतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ तिथून हललो नव्हतो.

ढोसा थराच्या माथ्यावर एक पातळ पट्टा आहे, तिथे वेगवेगळ्या वेळच्या कवचांची गर्दी झालेली दिसते. गाळ फार सावकाश साचत होता, लाटा आधी साचलेलं पुन्हा पुन्हा उकरत होत्या, आणि लाखो वर्षांचा हिशेब हातभर जाडीत दाबला गेला. सबंध कच्छच्या मुख्य भूमीत हा थर ओळखू येतो, त्यामुळे अभ्यासकांना तो खुणेचा दगडच.

मिरवणूक

एक भाबडा प्रश्न. कच्छच्या रणात मीठ आहे ते याच जुरासिक समुद्राचं का?

भुजवासी

नाही. रण फार अलीकडचं आहे. काही हजार वर्षांपूर्वीपर्यंत तिथे अरबी समुद्राचा उथळ फाटा होता, तो गाळाने भरत गेला. आजही पावसाळ्यात पाणी पसरतं, भरतीचं पाणी आत येतं आणि आटल्यावर मीठ उरतं. जुरासिक समुद्राची खूण मिठात नाही, डोंगरांत आहे. रणाच्या मधून वर आलेली पच्छम, खडीर, बेला ही बेटं त्या जुन्या खडकांची आहेत. काळो डुंगरही त्यातलाच.

आणि खडीरवर आहे धोळावीरा. हडप्पाकालीन शहर पाहायला सगळे जातात, पण ते शहर ज्या दगडांनी बांधलं ते आसपासच्या खाणींतले, जुरासिक काळाचे. त्या बांधकामाकडे पाहताना मला दोन्ही काळ एकदम दिसतात.

घाटपांडे_काका

मंडळी, शाळिग्रामाचं नाव अजून कुणीच कसं घेतलं नाही? आमच्या देवघरात पणजोबांच्या वेळचा शाळिग्राम आहे. दर एकादशीला त्याला तुळस वाहतो. मुलीने एकदा सांगितलं की तोही अमोनाइट आहे. हे कच्छचे आणि ते गंडकीचे, एकच का?

खडकवेडी

काका, तुमच्या मुलीने बरोबर सांगितलं. नेपाळातल्या काली गंडकीच्या खोऱ्यात, मुक्तिनाथच्या बाजूला, काळ्या पंकाश्मात, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या खडकात, गोटे सापडतात आणि त्यांच्या आत अमोनाइट असतात. ते थर जुरासिकच्या उत्तरार्धातले आणि क्रिटेशियसच्या सुरुवातीचे. हिमाचलातल्या स्पितीतही तेच थर आहेत. तिथे टेथिस नावाचा विशाल समुद्र होता आणि भारताची उत्तर कड त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर होती. नंतर भारत आशियाला जाऊन भिडला, टेथिसचा तळ हिमालय होऊन वर आला. कच्छचं आखातही त्या टेथिसशीच जोडलेलं होतं. म्हणजे दोन्ही एकाच जलविश्वाचे रहिवासी, किनारे वेगळे. शाळिग्रामाच्या आत जे चक्र दिसतं ते त्या प्राण्याच्या कवचाचे कप्पे आहेत.

घाटपांडे_काका

वाचून अंगावर काटा आला. देवाच्या मूर्तीत इतका जुना जीव आहे हे कळल्याने माझी श्रद्धा वाढलीच. सौ.ला पूर्ण प्रतिसाद वाचून दाखवला.

वऱ्हाडी_ठेचा

सगळे कच्छात चाललेत, जरा आमच्या चंद्रपुराकडेही पाहा! महाराष्ट्राचे डायनासोर आमच्याकडे आहेत. डोंगरगावला टायटॅनोसॉर जातीच्या महाकाय प्राण्याचा सांगाडा निघाला, १९९७ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, आज त्याला इसिसॉरस म्हणतात. आणि पिसदुऱ्याला सापडते त्यांची अश्मीभूत विष्ठा. हसू नका! तिच्यात गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले आणि २००५ साली त्यावर मोठा शोधनिबंध आला. तोपर्यंत लोक समजत होते की डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच. जगभरचा समज वरोऱ्याजवळच्या एका गावाने बदलला.

रानवाटा

@वऱ्हाडी_ठेचा, हे माहीत नव्हतं. पण समुद्राचा विषय चाललाय, विदर्भात कुठला समुद्र!

वऱ्हाडी_ठेचा

समुद्र नसेना, नद्या-तळी होती, आणि डायनासोर त्याच पाण्यावर येत होते. जेवढं समुद्राचं महत्त्व तेवढंच तळ्याचं. हो ना ताई?

खडकवेडी

अगदी. उलट डायनासोरची हाडं शोधायची तर तळ्या-नद्यांचे थर जास्त कामाचे. समुद्री थरांत ती क्वचित येतात, एखादं मढं नदीतून वाहत आलं तरच. म्हणूनच कच्छमध्ये अमोनाइट ढिगाने आणि डायनासोर नावाला. खडीर बेटावर मध्य जुरासिक काळातल्या एका सौरोपॉडची, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरची हाडं मिळाली, २००६ मध्ये त्यावर निबंध आला. शेजारच्या जैसलमेरलाही तेव्हा किनाराच होता. तिथून २०२३ मध्ये थारोसॉरस इंडिकस जाहीर झाला, सुमारे १६.७ कोटी वर्षांपूर्वीचा.

समुद्रातला मोठा शिकारी हवा असेल तर लोडाईचा इक्थिओसॉर आहे. भूजच्या पूर्वेला लोडाई गावाजवळ जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला, साधारण पाच-साडेपाच मीटर लांबीचा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातला जुरासिक काळातला हा पहिला इक्थिओसॉर. दात झिजलेले होते, म्हणजे कवचाचं किंवा टणक खाणं खात असावा. त्याच पाण्यात अमोनाइटही होते.

खडकनाद

इक्थिओसॉर डायनासोर नव्हे हे इथे लिहून ठेवायला हवं. बातम्यांत सर्रास 'समुद्री डायनासोर' छापतात. ते सरपटणाऱ्या प्राण्यांची वेगळीच शाखा होते, जमिनीवरून पाण्यात परतलेले, पिल्लांना पाण्यातच जन्म देणारे.

मिरवणूक

कच्छमध्ये हे सगळं शोधलं कुणी? आधी कुणाला कळलं?

भुजवासी

स्थानिक लोकांना दगडातली चक्रं नेहमीच माहीत होती. शास्त्रीय नोंद सुरू झाली ती कॅप्टन ग्रँट या अधिकाऱ्यापासून. १८३० च्या दशकात त्याने कच्छचा भूशास्त्रीय नकाशा केला आणि जीवाश्म इंग्लंडला पाठवले. पण मला आस्था वाटते ती फर्डिनांड स्टोलिच्काबद्दल. मोराव्हियाचा तरुण, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला आला. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो कच्छभर फिरला आणि खडकांचे चार विभाग केले: पच्छम, चारी, कटरोल आणि उमिया. सगळी नावं इथल्या गावा-डोंगरांची. आजही जुने लोक हेच विभाग बोलतात. कच्छचं काम स्वतः लिहून पुरं करणं त्याच्या नशिबात नव्हतं. १८७४ मध्ये यारकंदच्या मोहिमेहून परतताना काराकोरमच्या उंचीवर तो आजारी पडला आणि लडाखमध्ये मुर्गोजवळ गेला. लेहमध्ये त्याचं स्मारक आहे. वय जेमतेम छत्तीस.

त्याच्या संग्रहावर आणि नोंदींवर व्हिल्हेल्म वागेनने काम केलं, १८७५ च्या सुमारास कच्छच्या अमोनाइटांवरचा त्याचा ग्रंथ पुरा झाला. पुढे १९२७ ते १९३३ मध्ये स्पाथ या जीवाश्मतज्ज्ञाने सगळं पुन्हा तपासलं. आणि स्वतंत्र भारतात एस. के. बिस्वास यांनी पायी फिरून खडकांच्या थरांची नवी मांडणी केली. तेलाच्या शोधासाठीचं काम, पण त्यावर आजचे सगळे अभ्यासक उभे आहेत.

खडकवेडी

भुजवासी, स्टोलिच्काबद्दल लिहिलंत, फार बरं वाटलं. तमिळनाडूतल्या अरियलूरच्या क्रिटेशियस समुद्राचे जीवाश्मही त्यानेच वर्णन केले. आमच्या विद्यार्थ्यांना त्याचं नाव माहीत नसतं.

वागेन-स्पाथ यांच्या कामात एक गोष्ट मात्र बदलली आहे. तेव्हा आकार थोडा वेगळा दिसला की नवी जात धरत. आता कळलंय की पुष्कळ अमोनाइटांत मोठं कवच आणि लहान कवच अशी जोडी असते, मोठं बहुधा मादीचं. एकाच प्राण्याच्या नर-मादीला दोन जाती म्हणून नावं दिली गेली होती. आता ती कमी करण्याचं काम चालू असतं.

संग्राहक

दर्यावर्दींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळतच नाहीये, म्हणून मी वळतो. मी जीवाश्म गोळा करतो आणि मला त्यात गैर वाटत नाही. डोंगरावर सुटा पडलेला अमोनाइट पाच-दहा पावसाळ्यांत फुटून जातो. त्याच डोंगराची खडी रस्त्याला जाते. उचलला तर निदान टिकतो, मुलांना दाखवता येतो. घरातल्या मुलाने हातात धरला तर तोच पुढे भूवैज्ञानिक होईल. तिथेच ठेवा म्हणणं ऐकायला उदात्त आहे, पण दगडाला त्याचा फायदा काय?

भुजवासी

फायदा दगडाला नाही, माहितीला आहे. अमोनाइट फार वेगाने बदलत गेले, त्यामुळे कोणता अमोनाइट कोणत्या थरातून आला यावरून त्या थराचं वय ठरतं. कच्छच्या थरांची मादागास्करशी जुळणी अशाच अमोनाइटांवरून झाली. तुमच्या कपाटातल्या अमोनाइटाला थर नाही. मग तो शोभेचा दगड झाला. आणि एक माणूस एक उचलतो असं होत नाही. पूर्वी जिथे पाय ठेवायला जागा नव्हती असे उतार मी स्वतः आता रिकामे पाहतोय.

संग्राहक

मी प्रत्येक नमुन्याबरोबर जागेची नोंद ठेवतो, फोटो ठेवतो. सगळ्यांना एकाच मापात मोजू नका. आणि खडी फोडणाऱ्यांना कोण थांबवतंय?

खडकवेडी

दोघांच्या मधे पडते. संग्राहक, नोंद ठेवता हे खरंच चांगलं करता, बहुतेक जण ठेवत नाहीत. आणि खाणी-रस्त्यांनी होणारं नुकसान पर्यटकांच्या पिशव्यांपेक्षा मोठं आहे हेही मला मान्य. पण म्हणून पिशव्या भराव्यात असं नाही. आपल्याकडे जीवाश्मांसाठी स्वतंत्र, कडक कायदा नाही. भूवारसा स्थळांसाठी विधेयकाचा मसुदा २०२२ मध्ये चर्चेला आला होता, तसा कायदा व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तोवर मी विद्यार्थ्यांना असं सांगते: नाणं किंवा पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, जागेचे अक्षांश-रेखांश टिपा, थर टिपा, आणि दगड जागेवर. हाड, दात, किंवा काही वेगळं दिसलं तर हातसुद्धा लावू नका, जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. लोडाईच्या इक्थिओसॉरची हाडं जर कुणी एकेक करून नेली असती तर आज आपल्याकडे काहीच नसतं. दर्यावर्दींनी योग्य केलं.

संग्राहक

हाडांबाबत सहमत. सुट्या अमोनाइटाबाबत नाही. पण अक्षांश-रेखांशांसह माझी यादी मी विद्यापीठाला द्यायला तयार आहे. कुणाला द्यायची ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खडकवेडी

करते. मनापासून आभार.

मिरवणूक

जैसलमेरचा विषय निघालाच आहे तर, हाबूर गावच्या दगडाची भांडी मिळतात ना? त्यात दूध ठेवलं की विरजणाशिवाय दही लागतं म्हणतात. त्या दगडातही शंखशिंपले दिसतात.

खडकनाद

हो, हाबूरचा दगड क्रिटेशियस समुद्राचा आहे, कवचांनी भरलेला. दह्याचं तिथल्या लोकांचं म्हणणं आहे. मला त्यातली कवचं पाहण्यातच जास्त रस.

रानवाटा

पण एक कळलं नाही. समुद्राच्या तळाचा गाळ कच्छमध्ये डोंगर होऊन वर कसा आला? नुसतं पाणी ओसरलं असतं तर सपाट राहिला असता ना?

भुजवासी

उत्तम प्रश्न, कारण कच्छचं सगळं रूप यात आहे. जुरासिकच्या अखेरीस आणि क्रिटेशियसमध्ये समुद्र मागे हटला, त्या जागी नद्यांचे त्रिभुज प्रदेश आले. तो गाळ म्हणजे भूज वालुकाश्म, त्यात टिलोफायलमसारख्या झाडांच्या पानांचे ठसे मिळतात. आज भूज परिसराचं भूजल मुख्यतः याच वालुकाश्मात साठतं. आम्ही पितो ते पाणी क्रिटेशियस नद्यांच्या वाळूत मुरलेलं! त्यानंतर दख्खनचा लाव्हा आला, दक्षिण कच्छवर पसरला, काही ठिकाणी जुन्या थरांत खालून घुसला. अंजारजवळ लाव्हाच्या थरांमधे गाळाचे पट्टे आहेत, त्यात डायनासोरच्या अंड्यांची कवचं मिळाली आणि १९९५ मध्ये इरिडियमचे, म्हणजे पृथ्वीवर दुर्मिळ पण उल्कांत जास्त असणाऱ्या धातूचे, थरही नोंदले गेले. उल्कापाताशी त्यांचा संबंध लावायचा की नाही यावर तेव्हापासून वाद आहे.

उचल झाली ती त्यानंतर. ज्या भेगांवर जमीन खचली होती त्याच भेगांवर, भारत आशियावर दाबला जाऊ लागल्यावर, ती उलट वर ढकलली गेली. थर घुमटासारखे वाकले. झुरा, कीरा, हबो, जुमारा हे सगळे असे घुमट आहेत, त्यांचे माथे झिजून गेलेत. म्हणून तिथे मध्यभागी सगळ्यात जुने खडक आणि बाहेर जाल तसे नवे. अर्ध्या दिवसाच्या पायपिटीत लाखो वर्षं ओलांडता येतात.

ही उचल थांबलेली नाही. १८१९ च्या भूकंपात सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला आणि रणात लांबलचक बांध वर आला, तो अल्लाह बंद. २६ जानेवारी २००१ ला काय झालं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आमच्या वसाहतीतल्या कित्येक घरांना त्या दिवसाची आठवण आहे. ज्या दाबाने अमोनाइट आपल्या पायाशी आणून ठेवले, त्याच दाबाने ती घरं पाडली. मी हे विसरून त्या डोंगरांकडे पाहू शकत नाही.

रानवाटा

काय बोलावं कळत नाही. धन्यवाद भुजवासी, इतकं मनापासून लिहिलंत.

चौथीच्या_बाई

शाळेत शिकवते, उशिरा येतेय. मुलांना अमोनाइट आणि साधी गोगलगाय यांतला फरक कसा सांगायचा? दोन्ही गोल गोलच दिसतात.

खडकनाद

बाई, दोन खुणा सांगा. गोगलगायीचं कवच सहसा एका बाजूला टोक काढत वर चढतं, अमोनाइटाचं बहुतेक वेळा एकाच पातळीत गुंडाळलेलं असतं. दुसरी, गोगलगायीच्या कवचात आतून सगळी एकच पोकळी, अमोनाइटात पडदे घालून केलेले कप्पे. प्राणी फक्त शेवटच्या कप्प्यात राहायचा, मागचे कप्पे तरंगायला कामी यायचे. पडदा कवचाला जिथे भेटतो तिथे नागमोडी, फांद्या फुटल्यासारखी रेषा उमटते. ती दिसली की अमोनाइट नक्की. आज जिवंत असलेल्या नॉटिलसलाही कप्पे असतात, पण त्याची रेषा साधी, हलकी वळणदार असते. आणि मुलांना हेही सांगा की अमोनाइट गोगलगायीपेक्षा माकूळ-ऑक्टोपसच्या जवळचे.

चौथीच्या_बाई

माकूळ! आमची निम्मी पोरं कोळीवाड्यातली आहेत, त्यांना हे पटकन कळेल. आभार.

दर्यावर्दी

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता मूळ प्रश्नाकडे परत येतो. कोकणात डायनासोरच्या काळाचं काही नाही हे पटलं. पण मग कोकणात जीवाश्म शोधायचेच नाहीत का? आपल्याकडे काहीच नाही हे मनाला लागतंय.

खडकवेडी

असं कुठे म्हटलं मी! मुंबईपासून सुरुवात करा. वरळीला लाव्हाच्या थरांमधे गोड्या पाण्यातल्या गाळाचे पट्टे होते. तिथल्या छोट्या बेडकांचे जीवाश्म १८४७ मध्ये रिचर्ड ओवेनने वर्णन केले. ओवेन म्हणजे 'डायनासोर' हे नाव देणारा तोच. आज त्या बेडकाला इंडोबॅट्राकस म्हणतात. अंधेरी-जोगेश्वरीकडच्या आंबोली खाणीतून कासव मिळालं, २००३ मध्ये त्याला सांकुचेमिस हे नाव मिळालं. मुंबईचा हा लाव्हा मुख्य दख्खनपेक्षा थोडा नंतरचा, म्हणजे डायनासोर नुकतेच संपले होते आणि लाव्हाच्या दोन लोटांमधल्या काळात, तळ्यांत, हे बेडूक-कासवं जगत होती. सगळं उद्ध्वस्त झाल्यावर सुरू झालेलं आयुष्य आहे ते, मला तर ते अमोनाइटाइतकंच मोलाचं वाटतं.

आणि रत्नागिरीला जांभ्याच्या खाली चिकणमातीचे थर आहेत, त्यांत लिग्नाइट म्हणजे कच्चा कोळसा आणि पानांचे ठसे मिळतात. हे सगळं डायनासोरनंतरचं, पण त्या काळी कोकणात कसली झाडं होती ते त्यातून कळतं. जुन्या नोंदींत असे थर बहुतेक विहिरी खणताना लागल्याचं दिसतं.

वेंगुर्लेकर

थांबा थांबा. आमच्या नात्यातल्या एकांच्या विहिरीत जांभा संपल्यावर काळपट माती आणि कोळशासारखं लाकूड निघालं होतं. सगळ्यांनी जळकं लाकूड समजून फेकून दिलं. तेच का हे?

खडकवेडी

असू शकतं! विहिरीची जागा, किती हातांवर लागलं आणि वर-खाली कसली माती होती एवढं विचारून लिहून ठेवा. थोडं लाकूड शिल्लक असेल तर कागदात गुंडाळून ठेवा, पाण्याने धुऊ नका.

दर्यावर्दी

वेंगुर्लेकर, मी पुढच्या महिन्यात तिकडे आहे. येऊ का विहीर पाहायला?

वेंगुर्लेकर

या की! फोन करून या, म्हणजे त्यांना आधी सांगून ठेवतो. मळ्यात आणखी एक विहीर खणायचं चाललंय, ती अजून जांभ्यातच आहे.